नांदत्या घराचा जीर्णोद्धार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, राजकारण, अर्थकारण असे विषय शोभतात, आणि श्रोतेही त्यांचीच अपेक्षा धरून येतात. आज आम्ही आपल्यापुढे जो विषय मांडणार आहोत तो त्या मानाने रुक्ष वाटण्याचा संभव आहे. संगणकाचा एखादा मोठा प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला असतो. पुढे वीस, तीस, चाळीस वर्षांनी तो दुसऱ्या भाषेत न्यावा लागतो. हे काम कसे करतात, ते कशाने फसते, आणि सुखरूप पार पाडायचे तर कोणती पथ्ये पाळावी लागतात, एवढाच आमचा विषय आहे.

कोणी म्हणेल, हे त्या धंद्यातल्या माणसांनी आपापसांत बोलावे. गावाला त्याचे काय? गावाला त्याचे पुष्कळ आहे. आपले बँकेतले खाते, निवृत्तिवेतन, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल ही सारी आता अशाच प्रोग्रामांच्या हवाली झाली आहेत. पूर्वी पेढीवरचा मुनीम बदलला तर गावाला कळत असे. नवा मुनीम कसा आहे याची चार ठिकाणी चौकशी होई. आता मुनीम बदलतो तो मध्यरात्री, आणि सकाळी आपल्या हाती फक्त एक सूचना येते की 'आमची सेवा अधिक चांगली करण्यासाठी यंत्रणा बदलण्यात आली आहे'. त्या सूचनेमागे काय घडते ते थोडे समजून घेतले तर योग्य ते प्रश्न तरी विचारता येतील.

प्रथम दोन शब्द भाषेविषयी. यंत्राला स्वतःला फक्त आकडे कळतात, आणि माणसाला नुसत्या आकड्यांत फार वेळ विचार करता येत नाही. म्हणून मधल्या भाषा निर्माण झाल्या. माणूस त्या भाषेत लिहितो आणि 'कंपायलर' नावाचा एक दुभाषा ते लिखाण यंत्राच्या आकड्यांत उतरवून देतो. व्यापारी हिशेबांसाठी १९५९ साली कोबोल ही भाषा आखण्यास प्रारंभ झाला. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडवली. तिच्या पोटी सी प्लस प्लस आली. अलीकडे, २०१५ साली, रस्ट नावाच्या भाषेची पहिली पक्की आवृत्ती बाहेर पडली. माणसांच्या भाषांप्रमाणेच या भाषांचेही वंश आहेत, आणि उतारवयही आहे.

आता भाषांतर म्हटले की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे ज्ञानेश्वरी उभी राहते. सातशे श्लोकांच्या गीतेवर ज्ञानदेवांनी सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. मुळातला आशय घेऊन त्यांनी आपल्या श्रोत्यांसाठी तो फुलवला, दृष्टांत दिले, जागोजाग थांबले. तसे स्वातंत्र्य आमच्या धंद्यातल्या भाषांतरकारास मुळीच नाही. त्याने नव्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामाने जुन्या प्रोग्रामासारखेच वागले पाहिजे. शंभर रुपयांवरचे व्याज काल जितके होते तितकेच आज निघाले पाहिजे. शब्द बदलोत, रचना बदलो, वागणूक बदलता कामा नये, हा या कामाचा पहिला नियम होय.

मग मुळात भाषा बदलावी तरी कशाला? चालले आहे ते चालू द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आणि पुष्कळदा तोच शहाणपणाचा सल्ला असतो. परंतु तीन कारणे अशी आहेत की ज्यांपुढे हा सल्ला टिकत नाही.

पहिले कारण म्हणजे वाचणारे संपतात. मोडीची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचे जमाखर्च आणि खतपत्रे मोडीत लिहिली जात. आज जुन्या पेटीत पणजोबांच्या वाटणीचा कागद सापडला, तर मोडी जाणणारा माणूस शोधत हिंडावे लागते. कागद खरा असतो, शाई शाबूत असते, कदाचित हक्कही जिवंत असतो. नसतो तो वाचणारा. जुन्या प्रोग्रामांचे नेमके हेच होते. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे अमेरिकेत लाखो लोकांचे रोजगार एकाएकी गेले आणि बेकारभत्त्यासाठी अर्जांचा पूर लोटला. तेव्हा न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी जाहीर आवाहन केले, की ज्यांना कोबोल येते अशा स्वयंसेवकांनी मदतीस यावे. कारण राज्याची यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी होती. हिशेब करण्यात कोबोल कमी पडते असे नव्हे. ती भाषा अजूनही जगात पुष्कळ ठिकाणी चोख हिशेब करते. उणीव होती ती ती वाचून तिच्यात तातडीने फेरफार करणाऱ्या माणसांची.

दुसरे कारण म्हणजे यंत्र बदलते. युनिक्स नावाची जी प्रसिद्ध प्रणाली आहे, ती १९६९ साली केन टॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल प्रयोगशाळेत सुरू केली. ती प्रथम यंत्राच्या अगदी जवळच्या, म्हणजे त्या एका यंत्रापुरत्याच चालणाऱ्या भाषेत लिहिलेली होती. १९७३ साली तिचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला. त्याआधी १९७२ साली टॉम्पसन यांनी एक प्रयत्न करून सोडून दिला होता, कारण परस्परसंबंधित माहिती एकत्र बांधून ठेवण्याची सोय तोवर त्या भाषेत आलेली नव्हती. नवे घर राहण्याजोगे होण्यापूर्वी सामान हलवू नये, हा धडा तेथे मिळाला. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सी भाषेतली प्रणाली जुनीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी झाली. कर्त्यांनी ती वाढ आनंदाने पत्करली, कारण आता ती वाचता येत होती, सुधारता येत होती. आणि पुढे चार-पाच वर्षांत ती निराळ्या जातीच्या यंत्रांवरही नेता आली. एका यंत्राशी बांधलेली राहिली असती तर ती त्या यंत्राबरोबरच अडगळीत गेली असती.

तिसरे कारण म्हणजे जुन्या भाषेतच एखादा रोग असतो. धर्मशाळेचा दृष्टांत घेऊ. प्रवासी खोली सोडताना किल्ली परत करतो. पण त्याने जवळ दुसरी किल्ली ठेवली असेल, तर खोलीत नवा प्रवासी आला असताना हा पहिला खुशाल आत शिरू शकतो. संगणकाच्या स्मरणात अशाच खोल्या असतात. सी आणि सी प्लस प्लस या भाषांनी किल्ल्यांचा हिशेब लिहिणाऱ्याच्या सावधपणावर सोपवला. माणूस कितीही सावध असला तरी लाखो ओळींत एखादी किल्ली राहून जातेच, आणि चोर नेमक्या त्याच किल्ल्या हुडकत असतात. रस्ट भाषेचा कंपायलर हा हिशेब स्वतः ठेवतो, आणि किल्लीचा घोळ दिसला तर प्रोग्राम पुढे जाऊच देत नाही.

ही कारणे पटली, की लगेच मनात येते ते असे, की जुने पाडू आणि नवे बांधू. आमच्या धंद्यातल्या तरुणांना हा मोह फार होतो. जुना मजकूर वाचणे कंटाळवाणे असते. तो दुसऱ्याने लिहिलेला असतो. त्यात मध्येच विचित्र अटी आणि अपवाद असतात. तो गबाळा दिसतो, आणि कोऱ्या पाटीवर स्वच्छ लिहावे असे वाटते.

पण या गबाळेपणाकडे जरा जवळून पाहा. समजा, एका नागरी सहकारी बँकेचा तीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आहे. त्यात एक ओळ आहे, की अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतच्या खात्यांना वार्षिक आकार लावू नये. का, ते कोठेच लिहिलेले नाही. नवा लिहिणारा म्हणतो, हा काहीतरी निरर्थक अपवाद असेल, आणि तो गाळतो. वस्तुतः पूर्वी एक छोटी पतपेढी या बँकेत विलीन झाली, त्या वेळी तिच्या ठेवीदारांना सर्वसाधारण सभेने तसे वचन दिलेले असते. ठराव करणारे गेले, इतिवृत्ताची वही वाळवीने खाल्ली, प्रोग्राम लिहिणारा निवृत्त झाला. ते वचन आता जगात एकाच जागी शिल्लक आहे, आणि ती जागा म्हणजे ती गबाळी ओळ. ती ओळ गाळणाऱ्याने संस्थेचा शब्द मोडला, आणि आपण तसे केले हे त्याला कळलेसुद्धा नाही.

आज आम्हांला जे सांगायचे आहे त्याचे सार या ओळीत आहे. जुना प्रोग्राम म्हणजे अनेक वर्षांच्या अनुभवाची साठवण असते. ग्राहकांच्या तक्रारी, कायद्यातले बदल, पहाटे तीनला निस्तरलेले घोटाळे हे सारे त्यात एकेका अटीच्या रूपाने मुरलेले असते. भाषा बदलताना खरी जोखीम असते ती ही साठवण सांडण्याची.

सांडण्याचा दुसरा मार्ग आणखी फसवा आहे. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत 'शिक्षा' हा शब्द आहे. हिंदीत तो शाळेत मिळतो, मराठीत तुरुंगात. शब्द सारखा दिसतो म्हणून जो निर्धास्त राहील तो फसेल. संगणकाच्या भाषांतही असे शब्द आहेत. उणे सातास दोनने भागून पूर्णांक घ्या, असे सी भाषेला सांगितले तर उत्तर उणे तीन येते. पायथन भाषेच्या पूर्णांक-भागाकारात ते उणे चार येते. दोघींचेही गणित आपापल्या नियमाने बरोबर आहे. पैशांचे तर आणखी बिकट. एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो तर तो जसा संपत नाही, तसा एक दशांश यंत्राच्या द्विमान पद्धतीत संपत नाही. कोबोलमध्ये पैसे दशमान आकड्यांतच ठेवण्याची सोय आहे. तो हिशेब कोणी निष्काळजीपणे द्विमान अपूर्णांकांत उतरवला, तर दहा पैसे आणि वीस पैसे मिळून तीस पैशांपेक्षा अगदी सूक्ष्म असे काही अधिक होतात. एका खात्यात ते दिसत नाही. दहा लाख खात्यांचे वर्षभराचे व्याज काढले की ताळेबंद जुळेनासा होतो.

तेव्हा पाडून बांधणे धोक्याचे, आणि तसेच ठेवणेही अशक्य, अशा पेचात करावे काय? आपल्याकडे मंदिराचा जीर्णोद्धार करतात तेव्हा पूजाअर्चा बंद पडू देत नाहीत. गवंडी आपले काम करीत असतो, आणि पूजा नैवेद्य ठरल्या वेळी होत असतात. माणसे राहत असलेल्या वाड्याची तुळई बदलायची झाली, तर आधी टेकू देतात, मग जुनी काढतात, नवी बसवतात, आणि ती भार घेते की नाही हे पाहूनच पुढच्या तुळईला हात घालतात. आमच्या धंद्यातले सर्वांत यशस्वी स्थलांतर याच रीतीने झाले आहे. त्याचे एक उदाहरण विस्ताराने सांगतो.

फिश नावाचा एक प्रोग्राम आहे. ज्यांना संगणकाला लेखी आज्ञा देऊन काम करून घ्यायचे असते, त्यांच्या आणि यंत्राच्या मध्ये तो बसतो. अशा प्रोग्रामाला शेल म्हणतात. हा २००५ साली सुरू झाला, जगभरचे हौशी आणि व्यावसायिक लोक मिळून तो सांभाळतात, आणि त्याचा मजकूर कोणालाही वाचता व सुधारता येतो. त्याची भाषा होती सी प्लस प्लस; ओळी सुमारे ५७ हजार. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या कर्त्यांनी तो रस्ट भाषेत नेण्याचा प्रस्ताव उघडपणे मांडला. कारणे त्यांनी लपवली नाहीत. जुन्या भाषेची साधने ठिकठिकाणच्या जुन्या यंत्रांवर जुळवून घेणे त्रासाचे झाले होते. अनेक कामे एकाच वेळी निर्धोकपणे करता यावी अशी त्यांची आकांक्षा होती. आणि नव्या कार्यकर्त्यांना ओढून घेईल अशी भाषाही हवी होती. हे तिसरे कारण ऐकून हसू नये. ज्या संस्थेत कार्यकर्ते येईनासे होतात ती संस्था किती दिवस चालते, हे आपणां सर्वांना माहीत आहे.

त्यांनी जुना प्रोग्राम बाजूला ठेवून नवा लिहिण्याचा मार्ग धरला नाही. दोन भाषांच्या मध्ये एक पूल बांधला, म्हणजे सी प्लस प्लसमधला भाग रस्टमधल्या भागाला हाक मारू शकेल आणि तो उत्तर देईल अशी व्यवस्था केली. मग एकेक तुकडा पलीकडे नेला. प्रोग्राम मधल्या काळात अर्धा या भाषेत, अर्धा त्या भाषेत असा होता, पण तो चालत होता. फिशपाशी पूर्वीपासून चाचण्यांचा मोठा संच होता. अमुक आज्ञा दिली तर अक्षरशः अमुकच उत्तर आले पाहिजे, अशी ती यादी. हलवलेला तुकडा त्या यादीस उतरला म्हणजे पुढच्यास हात.

हा पूल फुकट मिळत नाही. तो बांधायला श्रम लागतात, आणि काम संपल्यावर तो मोडून टाकायचा असतो. घाईच्या माणसाला ही मजुरी वाया गेलीसे वाटते. पण टेकूचे लाकूड वाचवण्यासाठी कोणी छत अंगावर घेत नाही.

सुरुवातीस त्यांनी ढोबळ अंदाज केला होता सहा महिन्यांचा. पक्की नवी आवृत्ती, ४.०, बाहेर पडली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. दोनशेहून अधिक लोकांचा हात त्या आवृत्तीस लागला. ५७ हजार ओळींच्या ७५ हजार झाल्या. सारेच हेतू साधले असेही नाही. बांधणीची एक जुनी अवजार-व्यवस्था टाकून द्यायची होती, ती पूर्णपणे टाकता आली नाही. आणि विंडोजवरच्या सिग्विन नावाच्या व्यवस्थेत राहणाऱ्या लोकांना ४.० च्या वेळी मागे ठेवावे लागले, कारण नवी भाषा तोवर तेथे पोहोचलेली नव्हती. असे असूनही रोज वापरणाऱ्या माणसाला आपल्या पायाखालचा प्रोग्राम बदलला हे बहुधा जाणवलेही नाही. या कामात याहून मोठी शाबासकी नाही. ग्राहकाच्या दृष्टीने काहीच घडू नये, यासाठी दोन वर्षे झटायचे असते.

येथे कोणी विचारील, की नवी भाषा निवडावी तरी कशी? सर्वांत नावाजलेली घ्यावी काय? याचे उत्तर २०२५ सालच्या एका निर्णयात चांगले दिसते. टाइपस्क्रिप्ट नावाची एक भाषा आहे; तिचा कंपायलर इतर लोकांचे प्रोग्राम तपासून त्यांतल्या चुका दाखवतो. तो हळू पडू लागला. मार्च २०२५ मध्ये तिचे प्रमुख अँडर्स हेल्सबर्ग यांनी जाहीर केले, की तो गो नावाच्या भाषेत नेण्यात येत आहे. पुष्कळांना वाटले होते, की रस्ट निवडतील. त्यांनी गो निवडली, कारण जुन्या मजकुराची जी चण होती तिला गो मिळतीजुळती होती. स्मरणातल्या खोल्या झाडून घेण्याचे काम जुन्या भाषेप्रमाणे गोमध्येही भाषाच करते, आणि त्यामुळे एकेक भाग जसाच्या तसा, शेजारी ठेवून पडताळता येईल असा, उतरवता येत होता. रस्ट घेतली असती तर सारी रचनाच नव्याने आखावी लागली असती. परिणाम काय झाला? पंधरा लाख ओळींचा एक मोठा प्रोग्राम तपासायला जुन्या कंपायलरला ७७.८ सेकंद लागत, नव्याला ७.५ लागली. सोयरीक जुळवताना घराणे किती मोठे याबरोबर चालीरीती जुळतात का हेही पाहतात, तसेच हे.

मग हे काम यंत्राकडूनच का करून घेऊ नये? तेही झाले आहे. गो भाषेचा स्वतःचा कंपायलर आधी सी भाषेत होता. तो गोमध्ये आणण्यासाठी कर्त्यांनी त्या एका मजकुरापुरता भाषांतर करणारा खास प्रोग्राम लिहिला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये १.५ ही आवृत्ती काढली. यंत्राने केलेले ते भाषांतर बरोबर होते, पण वळण सीचेच होते. पुढे माणसांनी ते हळूहळू गोच्या वळणावर आणले. आणि प्रोग्राम बांधण्याचा वेग त्या आवृत्तीत सुमारे निम्म्यावर आला होता, हे कर्त्यांनी स्वतःच लिहून प्रसिद्ध केले. नंतरच्या आवृत्त्यांत तो सुधारला. नव्या घरात प्रथम काही दिवस गैरसोय होते, ती मोकळेपणाने सांगावी, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता तर कृत्रिम बुद्धीची यंत्रे काही क्षणांत शेकडो ओळी एका भाषेतून दुसरीत उतरवून देतात. आम्ही त्यांचा उपयोग करतो आणि त्यांना नावे ठेवीत नाही. पण वर सांगितलेली ती पतपेढीची ओळ आठवावी. यंत्र ती ओळ इमानाने उतरवील, किंवा निरर्थक म्हणून गाळायचे सुचवील. ते वचन पाळायचे की नाही, हे ते सांगू शकत नाही. लिहिण्याचे श्रम कमी झाले की पडताळण्याचे श्रम वाढवावे लागतात.

इमानाने उतरवणेसुद्धा केव्हा घातक ठरते, याचा एक दाखला अंतराळाच्या क्षेत्रातला आहे. एरियन ५ हा युरोपीय अग्निबाण ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. तेथे भाषा बदलली नव्हती. पण एरियन ४ या आधीच्या बाणातला प्रोग्रामाचा भाग जसाच्या तसा नव्या बाणात आणला होता. जुन्या बाणाचा आडवा वेग इतकाच असतो, या गृहीतावर एका आकड्यासाठी लहानसा खाना राखलेला होता. नवा बाण अधिक वेगवान होता. आकडा खान्यात मावेना, आणि दिशा सांभाळणारी यंत्रणा बंद पडली. विशेष म्हणजे, तो भाग ज्या कामासाठी होता ते काम नव्या बाणात उड्डाणानंतर आवश्यकच नव्हते. म्हणून आमचा दुसरा नियम असा, की जुने गाळण्यापूर्वी ते का आहे हे विचारावे, आणि जुने नेण्यापूर्वीही तेच विचारावे.

एका रात्रीत सारे हलवण्याचा परिणामही पाहून ठेवू. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये, जुन्या मालकांच्या यंत्रणेवरून नव्या मालकांनी उभारलेल्या यंत्रणेवर, एका शनिवार-रविवारात आपले सुमारे ५२ लाख ग्राहक नेले. हा प्रश्न केवळ भाषेचा नव्हता, संपूर्ण यंत्रणेचा होता. पण रीत आपल्या विषयाची आहे. खात्यांची माहिती पलीकडे नीट पोहोचली. मात्र नवी यंत्रणा भार घेताच कोलमडू लागली. लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना, पैसे देता येईनात. कारभार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. तुळया एकेक बदलण्याऐवजी सारे छत एकदम उचलून दुसऱ्या भिंतींवर ठेवले, आणि त्या भिंती पूर्ण भाराने आधी तपासल्या नव्हत्या.

आता आपण विचाराल, की सारेच हलवले पाहिजे काय? मुळीच नाही, आणि ही गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या खिशातल्या पुष्कळ फोनांत अँड्रॉइड प्रणाली असते. वर सांगितलेल्या किल्ल्यांच्या घोळातून निघणाऱ्या भोकांचे प्रमाण, तिच्यात सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांपैकी, २०१९ साली शेकडा ७६ होते. २०२४ साली ते शेकडा २४ वर आले. हे साधण्यासाठी गूगलने जुना मजकूर सरसकट रस्टमध्ये लिहिला नाही. नवे लिखाण निर्धोक भाषांत करावयाचे, जुन्यात फक्त दुरुस्त्या करावयाच्या, असे धोरण ठेवले. जुना मजकूर जसजसा मुरतो तसतशी त्यातली भोके सापडून बुजत जातात. नवी भोके मुख्यतः नव्या लिखाणात निघतात. घरात उंदीर झाले तर सारे घर पाडण्याआधी नवी बिळे पडू न देणे हा उपाय पुष्कळदा पुरतो.

या साऱ्यात आपल्या मुलखाचा संबंधही आहे. इसवी सन २००० उजाडण्याच्या सुमारास जुन्या प्रोग्रामांतली दोन आकडी वर्षे चार आकडी करण्याचे प्रचंड काम जगापुढे होते, आणि पुण्यामुंबईच्या पुष्कळ तरुणांनी ते केले. टाटांनी १९८१ साली पुण्यात काढलेल्या संशोधन केंद्रात प्रोग्राम वाचून त्यांचे पृथक्करण करणारी साधने घडवण्याचे काम झाले. दुसऱ्याने, दुसऱ्या देशात, दुसऱ्या काळी लिहिलेला मजकूर धीराने वाचणे, ही विद्या आपल्या मुलांनी तेथे कमावली. त्या कामाला त्या वेळी फारशी प्रतिष्ठा नव्हती. नवे निर्माण करणारा तो मोठा आणि जुने सांभाळणारा तो कारकून, अशी समजूत होती, आणि अजूनही आहे. आमचे म्हणणे असे, की दप्तरखान्यात बसून मोडीचे रुमाल लावणाऱ्याने इतिहासाची जी सेवा केली, तीच सेवा हा वाचणारा आपल्या ठेवींची आणि वचनांची करीत असतो.

म्हणून, उद्या आपली बँक, पतपेढी, नगरपालिका किंवा एखादे सरकारी खाते यंत्रणा बदलण्याचे जाहीर करील, तेव्हा सभासद आणि नागरिक या नात्याने चार प्रश्न अवश्य विचारा. जुनी यंत्रणा ज्यांना ठाऊक आहे ती माणसे या कामात आहेत का, की त्यांना आधीच निवृत्त केले? काही काळ जुनी आणि नवी शेजारी चालवून उत्तरे ताडून पाहिली जाणार आहेत का? थोडे थोडे हलवणार, की एका रात्रीत? आणि बिघडले तर मागे फिरण्याचा रस्ता शिल्लक ठेवला आहे का? हे विचारण्यास संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. घर हलवताना शहाणी गृहिणी हेच विचारते. पहिली चूल पेटती ठेवूनच ती दुसरी मांडते.

भाषा येतील आणि जातील. आज जी नवी आहे ती आपल्या नातवंडांच्या वेळी जुनी होईल, आणि ती वाचणारा शोधत कोणी हिंडेल. त्याला आपण काय देणार, हे आपल्या हाती आहे: प्रत्येक विचित्र ओळीशेजारी ती का आहे हे साध्या शब्दांत लिहून ठेवणे, आणि बरोबर वागणूक कोणती हे पडताळता येईल अशी चाचण्यांची यादी मागे ठेवणे. या दोन गोष्टी असल्या तर कोणतीही भाषा सोडता येते. नसल्या तर कोणतीही नवी भाषा वाचवू शकत नाही.